अर्धी बाटली

तीर्थरूप आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. खोलीच्या खिडकीतूनच कस्टमचा धक्का दिसतो, त्यामुळे उशीर झाला तर रस्त्याचं कारण सांगायचीही सोय नाही.

इथे एका बेटावरून दुसऱ्या बेटावर दारू न्यायची तर बाटली सीलबंद लागते. सील तुटलेलं असलं की मालकासमोर ओतून टाकायची. ते काम माझ्याकडे. बाबांनी आयुष्यात थेंब चाखला नाही आणि त्यांच्या पोराच्या कपड्यांना रोज दारूचा वास!

काल एक म्हातारी अर्धी बाटली घेऊन आली. तिच्या नवऱ्याने आणि पलीकडच्या बेटावरच्या दिराने मिळून ती उघडली होती. उरलेली पुढच्या भेटीत संपवायची, असं दोघांचं ठरलं होतं. त्याआधीच नवरा गेला. म्हणून ती दिराला द्यायला निघाली होती. साहेब शेजारीच उभे होते. मी ओतली.

ती भांडली नाही. रिकामी बाटली मागून घेतली, बूच घट्ट दाबलं आणि म्हणाली, "वास तरी पोचेल."

आई, तुझा गुडघा कसा आहे? बाबा गेले तेव्हा बोटी बंद होत्या, नाहीतर मी आलोच असतो गं. ताई घर आवरायला आली होती ना? बाबांच्या डोक्याच्या तेलाची बाटली तिने टाकली नसेल, तर तशीच राहू दे. मी येईपर्यंत उघडू नकोस.

लांब पडलेला,
तुझा धाकटा