सिमेंटखालचं लाकूड

नेपरव्हिल, अमेरिका,
५ नोव्हेंबर २०२४

चि. रेणूस अनेक आशीर्वाद.

फोनवर मला नीट ऐकू येत नाही आणि तुझा भाऊ सत्यजित मध्येच रिलॅक्स व्हायला सांगतो, म्हणून लिहितो आहे.

इंग्लंडात तू घेतलेल्या घराचे फोटो चारदा पाहिले. गवताचं छप्पर, वाकडे लाकडी खांब, मधे काठ्या विणून माती लिंपलेली. अगं, हे तर कुडाचं घर. असल्या घरातून बाहेर पडायला मी सातवीत शाळा सोडून गवंड्याच्या हाताखाली गेलो, आणि तू इंजिनिअर होऊन त्यात शिरतेस? दर वर्षी शाकारणार कोण?

इथेही काही कळेनासं झालंय. सत्यजितच्या भिंतीवर टिचकी मारली की पोकळ वाजते. आत लाकूडच आहे म्हणे. सावनीला विचारलं तर नात इंग्रजीत हसते.

माझं ऐक, सगळ्या भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा कर. लाकडाचा भरवसा नाही. आपल्या घराला गुरुनाथकाकाने किडके खांब दिले. वरून मी जाड सिमेंट केलं, तरी सहा वर्षांत भिंत बसली आणि तुझ्या आजीचा पाय गेला. एकवीस वर्षं धाकट्या भावाशी बोललो नाही, ते उगीच नव्हे.

लगेच कळव. जीव थाऱ्यावर नाही.

तुझा अण्णा


सफोक,
१९ नोव्हेंबर

तीर्थरूप अण्णांना साष्टांग नमस्कार.

पत्र अनीशला वाचून दाखवलं. शाकारायला जावई सासऱ्यांनाच बोलावणार आहेत. काळजी नको, इथला जाड थर तीस वर्षं टिकतो. खांब वाकडे आहेत, कारण ओक ओला असतानाच उभा केला आणि वाळताना वळला. तसाच चारशे वर्षं उभा आहे.

सिमेंट मात्र करता येणार नाही. जुन्या घरांना इथे परवानगी नाही. आधीच्या मालकाने उत्तरेच्या भिंतीला ते केलं होतं. परवा सुतारकाकांनी उकललं, तर खालचा खांब नखाने कुरतडता येईल इतका कुजलेला. शेजारचा, माती-चुन्याखालचा, लोखंडासारखा. कीड नव्हतीच. मातीची भिंत भिजते तशी वाळतेही; सिमेंटमागे शिरलेलं पाणी मात्र तिथेच राहतं.

अण्णा, हे लिहावं की नाही, दोन दिवस ठरेना. खांब चांगले होते असं काका तेव्हा शपथेवर सांगत होते, ते मला आठवतं.

रागावलात तरी पत्र लिहा.

तुमची रेणू


नेपरव्हिल,
२ डिसेंबर

चि. गुरुनाथ यास आशीर्वाद.

टपालाला तीन आठवडे लागतात, म्हणून सत्यजित या पत्राचा फोटो तुझ्या फोनवर पाठवतो आहे. अक्षर पाहून चक्रावशील. मीही गोंधळलो आहे, कुठून सुरुवात करावी सुचत नाही. रेणूचं पत्र दहादा वाचलं. चूक माझी नाही असं कुठे लिहिलंय का, ते शोधत होतो.

तुझे खांब चांगले होते. ते माझ्या सिमेंटने कुजवले. आई शेवटची आजारी असताना तू भेटायला आलास आणि मी तुला दारातून परतवून लावलं. त्याला काय लिहावं, ते मला कळत नाही.

पण गावात मी आणखी अकरा कुडाच्या घरांना सिमेंट केलं होतं. दिगंबरच्या पश्चिमेच्या भिंतीला टेकून त्याची म्हातारी झोपते. आधी तिची खाट हलव. मग खालून वीतभर गिलावा फोड आणि खांबात खिळा टोचून बघ. सहज आत गेला, तर त्या खोलीत कोणाला थांबू देऊ नकोस. बाकीचीही घरं बघ. कोणी विचारलं, तर प्रल्हादचं काम चुकलं असं माझं नाव घेऊन सांग.

मला उत्तर द्यावंसं वाटलं नाही, तरी चालेल. भिंतींचं तेवढं कळव.

तुझा लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

प्रल्हाद