शेजारचं जनुक

बाई, तुमच्या जनुकाविषयी सांगायचं आहे. हरभऱ्याचं रोप मर रोगाला दाद देत नाही ते या जनुकामुळे, असं तुम्ही आयुष्यभर सांगितलंत आणि आम्हा सगळ्यांचे प्रबंध त्याच्यावरच उभे राहिले. ते काम हे जनुक करत नाही. करतं ते त्याच्या अगदी शेजारचं. माझ्या प्रयोगशाळेत हडपसरची एक मुलगी पीएचडी करते. तिने तुमचं जनुक बंद करून पाहिलं, तर रोपं रोगट मातीतही खुशाल उभी राहिली. शेजारचं बंद केलं, तर काही दिवसांत त्यांनी माना टाकल्या. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि तुमचं चुकलं होतं असं सांगणाऱ्या शोधनिबंधावर तिच्याबरोबर माझं नाव आहे.

तुमची एक रीत होती, ती मी पुण्यात दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत पाहिली नाही. निबंध ज्याच्या विरोधात जाणार, त्याला तो छापायला पाठवण्याआधी स्वतः नेऊन द्यायचा आणि त्याचं वाचून होईपर्यंत समोर बसायचं. माझ्या पहिल्या निबंधाच्या वेळी आपण कात्रजला एका निवृत्त प्राध्यापकांकडे गेलो होतो. मी अकोल्याहून नुकताच आलेला, मला वाटतंय की हा आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेण्याचा प्रकार आहे. ते पेन्सिल घेऊन वाचतायत, आत कुकरच्या शिट्ट्या होतायत, आणि तुम्ही त्यांच्या पत्नीशी अळूच्या भाजीविषयी बोलताय. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली. "बाई, निरोगी रोपांच्या कुंड्यांतली माती कुठली?" माती वेगळ्या ढिगातली होती, आणि ते आपल्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. सगळी तुलनाच फसली. तुम्ही त्यांचे आभार मानलेत, कागद पिशवीत टाकलेत आणि पुढच्या थंडीत पुन्हा पेरायचं ठरवून टाकलंत. माझं वर्ष गेलं. परतताना रिक्षात मी तोंड फुगवून बसलो होतो, तर म्हणालात, "रागावलात? रागवा की. छापून आल्यावर कुणी सांगितलं असतं, तर आपण पेढे वाटले असते, नाही का?"

या वेळी निबंध तुमच्यापुढे ठेवायला हवा होता. तुमचे विद्यार्थी बियाण्यांच्या कंपन्यांत आहेत, विद्यापीठांत आहेत, परदेशात आहेत. पण पुण्यात राहिलेला सगळ्यांत जुना मीच. म्हणून एका दुपारी मी तुमच्या बाजूने बसलो आणि ती मुलगी समोर. तुम्ही दाखवलेल्या डीएनएमधल्या खुणेवरून निवडलेली वाणं आजही शेतात तग धरतात, त्याचं काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, "ते लिहिलंय ना सर, डिस्कशनमध्ये. दोन्ही जीन्स इतकी जवळ आहेत की बहुतेक वेळा एकत्रच पुढे जातात. मॅडमची खूण बरोबर होती, जीन चुकलं." तिने हे तुमचा मान राखायला लिहिलेलं नाही, तसं आहे म्हणून लिहिलं आहे. तुम्हाला ती आवडली असती.

"माती?" मी विचारलं.

"सेम लॉट, सर."

"बियाणं?"

"एकाच प्लँटचं."

"पुन्हा पेर."

"अहो सर, दोनदा केलंय! डेटा एकदम क्लीन आहे."

"पुन्हा."

ट्रे भरताना ती आवाज जरा जास्तच करत होती.

तिसऱ्या वेळीही तेच आलं. निबंध आज सकाळी पाठवला. हे पत्र पाठवायचा प्रश्नच नाही, टेबलाच्या खणात राहील. प्रयोगशाळेत सध्या माझं कौतुक चाललंय की सर फार काटेकोर, स्वतःच्या गुरूंच्या बाबतीतही सूट नाही. मी ते ऐकून घेतो. पण रोज सकाळी मी आल्या आल्या आधी त्या ट्रेपाशी जात होतो, माना टाकलेल्या रोपांत एखादं तरी ताठ दिसतंय का ते बघायला. बाई, मातीबद्दल किंवा बियाण्याबद्दल मला काहीच शंका नव्हती. तुम्ही जिंकावं, म्हणून मी पुन्हा पेरायला लावलं.