अकरा हजारांचं तरंगणं

३ जानेवारी
मालवणहून परत. स्कुबाचे ओले कपडे बाल्कनीत, घरभर खारट वास. मुक्ताने बसमध्येच सांगून टाकलं, "आई, मार्चमध्ये अंदमानला पाण्यात माझी जोडीदार तू नकोस. मी नेहाला नेते." पोटची पोरगी, आणि आईपेक्षा मैत्रीण जवळची! कारण काय, तर काल पंचवीस फूट खाली माझी लाथ बसून तिचा मास्क निघाला. मुद्दाम मारली का मी? आपोआप वर चालले होते, खाली यायला पाय झाडले, मध्ये तिचं तोंड आलं. एप्रिलात ती नोकरीला बंगळूरला जाणार. मग कुठली आई नि कुठला समुद्र. मला जायचंय. तिच्याबरोबरच.

६ जाने.
अंधेरीच्या स्विमिंग पूलवर डायव्हिंगच्या रॉनी सरांना गाठलं. म्हटलं, पुढचा कोर्स द्या. त्यांनी यादीच पुढे केली, उडप्याच्या मेनूकार्डाएवढी. रात्रीचं डायव्हिंग, खोल डायव्हिंग, बुडालेली जहाजं, फोटोग्राफी, मासे ओळखणे. (ते मी पार्ल्याच्या बाजारात वीस वर्षं फुकट करतेय.) यादीच्या अगदी तळाशी, पाण्यात तोल सांभाळून तरंगणे, अकरा हजार. सर म्हणाले, "मॅडम, तुम्हाला हाच पाहिजे."
घरी शिरीषला सांगितलं. नवरा म्हणून काही मदत? "अकरा हजार देऊन नुसतं तरंगायचं? ओंडका फुकट तरंगतो गं."

९ जाने.
फोटोग्राफी घेतली. महाग आहे, पण चारचौघांत दाखवायला काहीतरी राहील. ऑफिसात सांगूनही झालं.

१२ जाने.
पहिला तास. फोटो छत्तीस. बुडबुडे, फरशी, माझाच पाय. सरांनी तळाशी ठेवलेलं प्लास्टिकचं कासव एकातही नाही. "कॅमेरा बरोबर आहे मॅडम. कॅमेरावाली जागेवर राहत नाय." लाज वाटली, हसूही आलं. भला माणूस, फी तरंगण्याकडे वळवून दिली. शिरीष दहा मिनिटं हसत होता.

१८ जाने.
सापडलं!
सर : "तुम्ही श्वास का धरता?"
मी : "छे, कुठे?"
"मी बघतोय ना. आत घेता, मग चार आकडे मोजेपर्यंत एक बुडबुडा नाय."
चार आकडे म्हटल्यावर ट्यूब पेटली. सोसायटीच्या गच्चीवर बारा वर्षं रोज सकाळी प्राणायाम. पूरक, कुंभक, रेचक. पाण्याखाली मन शांत ठेवायचं म्हणून मी आपली कुंभक लावून बसते. छातीत हवा कोंडली की चालले वर. डायव्हिंगचा पहिलाच नियम, श्वास कधीही धरायचा नाही, फुप्फुसाला धोका. वहीत लिहिलाय, खाली लाल रेघसुद्धा मारलीय. सरांनी कपाळाला हात लावला. "अरे देवा, योगाने वाट लावली!"

२० जाने.
गच्चीवर योगाच्या साठेबाईंना म्हटलं, महिनाभर कुंभक बंद. "मग येता कशाला?" म्हटलं, गप्पा मारायला.

२५ जाने.
श्वास कोंडणं थांबलं, तेव्हा सरांनी कमरेच्या पट्ट्यातलं, मला खाली ठेवायला लावलेलं दोन किलो जादा शिसं काढलं. फरशीच्या हातभर वर, पाय न हलवता, तीन मिनिटं. श्वास आला की बोटभर वर, गेला की बोटभर खाली. बास. काही न करायला शिकायचे एवढे पैसे, पण सगळे वसूल. इतकं बरं वाटलं की मास्कमध्येच थोडी रडले. बाहेर येऊन शिरीषला फोन केला, "ओंडका बोलतोय."

१ फेब्रु.
मुक्ता आली पूलवर, माझी परीक्षा घ्यायला. समोरासमोर तरंगत होतो. तिने स्वतःचा मास्क काढला, डोळे मिटून परत घातला, मुद्दाम वेळ लावून. मी तसूभर हलले नाही. बाहेर केस पिळत म्हणाली, "इथे ठीक आहे आई. तिकडे पाण्याला ओढ असते."
"मग?"
"मग काय, बघू. नेहाला मी सांगून बसलेय ना."
वाईट वाटलं. वाटेत दोघींनी भजी खाल्ली, तरी वाटतच राहिलं.

३ फेब्रु.
मुक्ताचा मेसेज, पलीकडच्या खोलीतून. "आधार कार्डाचा फोटो टाक. अंदमानचं बुकिंग केलेलं नाही, नुसता टाकून ठेव."
टाकला. दोन्ही बाजू.