न आलेल्या फ्रीजची हकिगत

प्रिय साडूभाऊ यांस,

सप्रेम नमस्कार. तुमची पाठदुखी, मेहुणीबाईंचा खोकला आणि मुलांचे अभ्यास सगळं ठीक असेल अशी आशा करतो. आम्ही इथे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात काल दूध नासलं, आज पुन्हा नासलं, आणि दोन्ही वेळा आमच्या हिने ते पातेलं माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि एक शब्द न बोलता निघून गेली. बोलली असती तर परवडलं असतं. बाकी आमचा जुना फ्रीज तुमच्याकडे छान रुळला असेलच.

तुम्ही विचाराल, नवा आला का? नाही आला. येणारही नाही. आणि याला सर्वस्वी ती कंपनी जबाबदार आहे हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे काही बारीकसारीक तपशील असे येतील की तुमचा गैरसमज व्हायचा.

गेल्या महिन्यात छापखान्यातून घरी आलो (एका जाडजूड कॅटलॉगची प्रुफं तपासतोय, डोळ्यांची पार वाट लागली आहे) आणि मोबाइलवर तो दिसला. दोन दारांचा, चंदेरी, भाज्यांना वेगळा कप्पा. किंमत एका बऱ्यापैकी मिक्सरची. शेवटचं शून्य गळलंय हे कुणालाही कळलं असतं. मला कळलं नाही. (वकीलबाईंनी असंच म्हणायला सांगितलं आहे. त्या पुढे येतील.) पैसे भरले, 'अभिनंदन, तुमची ऑर्डर स्वीकारली आहे' असा निरोप आला, आणि त्या आनंदात मी काय केलं ते तुम्हाला माहीतच आहे. त्याच संध्याकाळी जुना फ्रीज तुम्हाला देऊन टाकला, टेम्पोचं भाडंही मीच भरलं, आणि टेम्पो हलताना 'माणसाने वस्तूत जीव अडकवू नये' या विषयावर चार शब्द बोललो. ही तेव्हाच म्हणाली होती, "नवा घरात येऊ दे, मग काय तो मोठेपणा मिरवा." पण मी कुणाचं ऐकतो?

मग एके दिवशी दुसरा निरोप. अपरिहार्य कारणामुळे ऑर्डर रद्द, पैसे परत मिळतील, आपण आमचे मोलाचे ग्राहक आहात. माझ्या अंगाची लाही लाही झाली. फोन लावला. आधी गाणं, मग यंत्र, मग पुन्हा तेच गाणं, शेवटी एक मुलगी. तिला माझी गैरसोय समजत होती. मी काहीही म्हटलं तरी तिला गैरसोयच समजायची. म्हटलं, "अहो, माझ्या घरी दूध नासतंय." तर म्हणे, "सर, तुमची गैरसोय मी समजू शकते. आणखी काही मदत हवी आहे का?" आणखी? आधी कुठली झाली होती? मी दुकानातून वस्तू घरी नेऊन नंतर 'विचार बदलला, पैसे परत द्या' म्हणालो असतो, तर दुकानदाराने मला पायरी तरी चढू दिली असती का?

वरच्या मजल्यावर एक वकीलबाई राहतात, ग्राहकांचेच खटले चालवतात. त्यांनी कंपनीच्या अटी वाचल्या (त्या वाचणारं कुणी असतं हे मला प्रथमच कळलं) आणि म्हणाल्या, "यात लिहिलंय, माल निघाल्याशिवाय सौदा पक्का नाही. आधीचा निरोप म्हणजे नुसती पोच."

"पण त्यात 'स्वीकारली' असं स्पष्ट लिहिलंय!"

"तोच आपला मुद्दा. पैसेही घेऊन ठेवले होते. गिऱ्हाईक ओढायला मुद्दाम खोटी किंमत लावली असेल तर फारच उत्तम. तक्रार करून बघू. पण समोरचे एकच विचारतील, किंमत चुकली आहे हे तुम्हाला कळत होतं का? कळत असेल तर अवघड आहे."

त्यावर आमचं 'मला कळलं नाही' हे वरचं वाक्य ठरलं. नुकसान म्हणून मी जुना फ्रीज दिल्याचं सांगितलं, तेव्हा चष्मा काढून म्हणाल्या, "नवा यायच्या आत? कुणी सांगितलं होतं?" (बायका हे सगळ्या एकाच सुरात कशा म्हणतात?)

तक्रार मी दणदणीत लिहिली. कंपनीच्या तक्रार विभागातल्या साहेबांचा स्वतः फोन आला. अतिशय नम्र माणूस. म्हणाला, "सर, प्रथम तुमचे आभार. चूक तुमच्या ईमेलमुळेच आमच्या लक्षात आली."

त्याचं असं झालं होतं. ऑर्डर दिल्यावर मी त्या फ्रीजचं पान पुन्हा पुन्हा बघत होतो, केवळ प्रेमाने. तर चित्रात दारं दोन, मजकुरात तीन. वर रंग चंदेरी, खाली निळा. वजन असं दिलेलं की फुंकर मारली तर उडावा. मला राहवेना. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलेला माणूस मी! सगळ्या चुका नीट टिपून कंपनीला कळवल्या. किंमत तेवढी वगळली (इतकी अक्कल मला आहे). पण त्यांनी दारं सुधारायला पान उघडलं, आणि किंमत नेमकी दारांच्या शेजारी होती. वकीलबाईंना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी समोरची फाइल मिटली. मग म्हणाल्या, "म्हणजे पानावरच्या सगळ्या चुका दिसल्या, फक्त किंमत दिसली नाही, असं मी सांगायचं?" साडूभाऊ, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि संताप वेगळाच. एवढं प्रूफ तपासून दिलं, तेही फुकट!

असो. मेहुणीबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
वैतागलेला साडू

ता. क. पत्र खरं तर एका वेगळ्याच कारणासाठी लिहायला घेतलं. तो जुना फ्रीज काही दिवस मिळाला तर बरं होईल. वस्तूत जीव अडकवू नये हे मी म्हणालो होतो, ते आपलं बोलायचं म्हणून. टेम्पोचं मी बघतो. फक्त तुम्हीच आपणहून परत पाठवलात असं हिला वाटू द्या. माझी घरात काही इज्जत उरलेली नाही, जी आहे ती राखा.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच हिने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. जुन्या वस्तू विकायच्या साइटवर आपला फ्रीज! दारावरचा तो ओरखडा मी कुठेही ओळखेन. मी मायेने दिलेली वस्तू तुम्ही बाजारात उभी केलीत याचं फार वाईट वाटलं. त्याबद्दल सवडीने बोलू. किंमत वाचून मात्र बरं वाटलं. तुमच्याकडून एक शून्य राहिलेलं दिसतं. जाहिरातीत इतरही चुका आहेत, एकही सांगणार नाही. पैसे भरले आहेत, 'विक्री पक्की' असा तुमचा निरोपही आला आहे. तेव्हा वरची विनंती रद्द समजावी. फोटोत बर्फाचे दोन्ही ट्रे दिसतात, ते किमतीत धरून उद्या टेम्पो पाठवतो आहे.