मागचा बाक

सोमवार, ता. ४

धाकटी जाऊ आज फवारणीचा पंप मागायला आली. दोन वर्षांत तिने आमच्याकडे मागितलेली ही पहिली वस्तू. आमचे हे आणि तिचे ते — सख्खे भाऊ — बांधावरच्या एका झाडाच्या सावलीवरून भांडले होते. सावली कुणाच्या रानात पडते, हा मुद्दा! सूर्याला साक्षीला बोलावलं असतं तर दिवसभरात निकाल लागला असता. पण दोन वर्षं लागली, पाळकसाहेबांच्या चपला झिजल्या, आणि गेल्या महिन्यात कुठे दोघे चर्चमध्ये एका बाकावर बसून एका पुस्तकातून गायले. बेसूर गायले, पण एकत्र.

तर पंप. तिच्या पंपाचा वायसर गेला आणि टोमॅटोवर किडीचं औषध तर आजच मारायला हवं. मी शेडमधून पंप आणला, स्वतःच्या हाताने तिच्या पाठीवर चढवला, पट्टा सारखा केला.

'ताई, लगेच आणून देते.'

'सावकाश आण गं. पंप आहे, दागिना नाही.'

औदार्य आपल्याला शोभून दिसतं असं वाटत होतं, हे इथे कबूल करायला हरकत नाही. फाटकापाशी ती थांबली. वळली. 'ताई—'

'काय गं?'

'काही नाही.'

कृतज्ञतेने कंठ दाटणे म्हणतात ते हेच, असं मनाशी म्हणत मी आत आले.

मंगळवार, ता. ५

पंप परत आला. धुतलेला, पुसलेला, नोझलसुद्धा घासलेलं. धाकटी माझ्यापेक्षा नीटनेटकी आहे. हे वाक्य या वहीबाहेर जाता कामा नये.

गुरुवार, ता. ७

धाकटीच्या टोमॅटोला काहीतरी झालंय. शेंडे आत वळलेत, पानं चिंचोळी होऊन दोरीसारखी पिळली आहेत. परवापर्यंत कशी तरारून उभी होती! दीर म्हणाले, 'व्हायरस.' हे म्हणाले, 'व्हायरसच.' एवढ्या झटकन या दोघांचं एकमत मी लग्नापासून पाहिलेलं नाही. आता रोपांतूनच आला की हवेतून, यावर दोघे बांधावर उभे राहून तासभर बोलले. सावलीत.

शुक्रवार, ता. ८

विळा आणायला शेडमध्ये गेले होते. खुंटीला किडीच्या औषधाचा पंप टांगलेला. झाकणापासून मुठीपर्यंत कोळ्याने जाळं विणलेलं, त्यावर धूळ. म्हणजे तो पंप कित्येक दिवसांत जागचा हललेला नाही.

मग सोमवारी मी दिला तो कुठला?

आमच्याकडे दोन पंप आहेत, जुळ्या भावांसारखे. एक किडीच्या औषधाचा, दुसरा तणनाशकाचा. गल्लत होऊ नये म्हणून तणनाशकाच्या पंपाच्या मुठीला लाल चिंधी बांधायची. इथे घरोघर हीच रीत. कारण तणनाशक टाकीच्या तळाशी, नळीत, कुठेतरी चिकटून राहतं; त्यावर दुसरं औषध ओतून टोमॅटोवर मारलं की पानं वळतात. अशीच. दोरीसारखी.

चिंधी मी सोडली होती. गेल्या शनिवारी. चर्चमधल्या गीतांच्या पुस्तकाची शिवण उसवली होती, घरी दुरुस्तीला आणलं, बांधायला काही सापडेना, आणि ही हाताशी आली. देवाचं काम म्हणून घेतली. परत दुसरी बांधायची राहून गेली.

विळा न घेताच घरात आले.

शनिवार, ता. ९

सांगायला गेले होते. 'अगं, ऐक' एवढं म्हणूनही झालं होतं. तेवढ्यात तीच म्हणाली, 'ताई, रोपवाल्याची रोपंच खराब निघाली. हे म्हणतात, तालुक्याच्या शेती अधिकाऱ्यांना अर्ज करायचा. तुम्हीच लिहा. तुमच्यासारखं कुणाला जमणार?'

दीर बाजूलाच उभे. डोळे लाल. 'लिहा वहिनी, चांगलं कडक लिहा.'

लिहिला. वडिलांनी मला संस्कृत शिकवलं ते पवित्र शास्त्राच्या मराठीतले जड शब्द नीट कळावेत म्हणून. त्या विद्येतून आज 'निकृष्ट रोपे पुरवून अक्षम्य हानी केल्याबद्दल' हे वाक्य जन्माला आलं. 'अक्षम्य' लिहिताना हात थांबला. मग लिहिला. चांगला दिसला.

धाकटी शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत राहिली.

रविवार, ता. १०

पाळकसाहेबांनी जाहीर केलं — पुढच्या रविवारी प्रभुभोजन. तीन महिन्यांतून एकदा येतं. आणि दर वेळची सूचना: ज्यांच्या मनात कुणाविषयी काही असेल, ज्यांनी कुणाचं काही बिघडवलं असेल, त्यांनी आधी ते मिटवावं, मग मेजाशी यावं.

ज्यांचं मिटलेलं नसतं त्यांच्यासाठी आमच्याकडे मागचा बाक आहे. कुणी कुणाला तिथे बसवत नाही. ज्याचं त्याने जाऊन बसायचं. भाकर आणि द्राक्षरस त्या बाकापर्यंत जात नाही. मंडळी मान वळवत नाहीत, पण दारातून शिरताना प्रत्येकजण तिकडे एक नजर टाकतोच. हे दोघे भाऊ दोन वर्षं त्या बाकाच्या दोन टोकांना बसले आणि मध्ये आठ माणसांची जागा रिकामी ठेवली. मी पुढून ऐटीत पाहत होते.

रोपवाला आमच्याच मंडळीतला. कायम पहिल्या रांगेत, सगळ्यांच्या अर्धा सूर पुढे गाणारा. आज गायला नाही. त्याच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं.

मग पाळकसाहेब म्हणाले, 'धाकट्या बाईंच्या पिकासाठी थोरल्या बाई प्रार्थना करतील.' केली. रोग दूर व्हावा म्हणून देवाकडे मागणं मागितलं. देव ऐकत असेल तर त्याला हसू आवरणं कठीण गेलं असणार.

शेवटच्या गीताला धाकटीने आणि मी तेच उसवलेलं पुस्तक धरलं होतं. ती गाता गाता चिंधीच्या गाठीकडे पाहत राहिली. दुसरं कडवं चुकली.

सोमवार, ता. ११

महिला मंडळ धाकटीच्या रानात प्रार्थनेला गेलं. अध्यक्ष मी. अकरा बायका, चपला बांधावर काढून, सरींमध्ये ओळीने उभ्या. कंपाउंडरची बायको म्हणाली, 'थोरल्या बाई, रोपाला हात लावून करा, म्हणजे पोचेल.' लावला. पिळलेलं पान बोटांत धरलं. ते खरखरीत आणि थंड होतं. शब्द येईनात. बायकांना वाटलं मी हेलावले. दोघी-तिघी रडल्या.

परतताना कुणीतरी म्हणालं, 'रोपवाल्याला लाज कशी नाही वाटत, पहिल्या रांगेत बसायला!'

'नाही ना वाटत,' धाकटी म्हणाली. फार हळू म्हणाली.

मंगळवार, ता. १२

रोपवाला घरी आला. ओट्यावर अवघडून बसला, टोपी गुडघ्यावर.

'बाई, माझ्यावर अर्ज गेलाय म्हणे.'

'हो.'

'अक्षर तुमचं आहे म्हणे.'

'हो.'

'छान लिहिलाय म्हणतात.' टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. 'तर उत्तरही तुम्हीच लिहून द्या. तुमचे ते जड शब्द घाला थोडे. साहेब लोकांना कळले नाहीत की ते जरा दमाने घेतात.'

लिहून दिलं. काय करणार! वादीची लेखणी मी, प्रतिवादीची लेखणी मी, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात जिने उभं राहायचं तीही मीच. इतक्या भूमिका एका नटीला कुणी देत नाही.

तो सांगत होता ते लिहीत गेले. रोपं त्याने स्वतः निवडली, एकेका ट्रेवर हात फिरवला, धाकट्या बाईंची पहिली खेप म्हणून सगळ्यांत चांगली दिली. बाकीच्यांची रोपं या आठवड्यात जायची होती. आता रविवारी उपासनेनंतर सगळे शेतकरी बसून ठरवणार, त्याची रोपं घ्यायची की बाहेरून आणायची. बाहेरून आणली तर त्याची नर्सरी बंद.

'तुम्ही पाहिलीत ना ती पानं?' त्याने विचारलं. 'तुम्हाला काय वाटतं? व्हायरस असा एका दिवसात सगळ्या रानाला सारखा लागतो?'

'मला शेतीतलं काय कळतं,' मी म्हटलं. तीस वर्षं शेतात राबलेली बाई मी.

बुधवार, ता. १३

यांना सांगितलं. जेवताना. यांचा हात ताटातच राहिला.

'कुणाला बोललीस?'

'नाही.'

'बोलू नकोस.'

'अहो, त्या माणसाची नर्सरी—'

'सावलीवरून दोन वर्षं गेली. पीक जाळलं म्हटल्यावर किती जातील, मोज.' आणि मग, 'काल धाकटा मला दादा म्हणाला. बांधावरून हाक मारली. दोन वर्षांनी.'

 

हे उठून शेडमध्ये गेले. आले तेव्हा हातात काही नव्हतं. मागून जाऊन पाहिलं. तणनाशकाच्या पंपाला नवी लाल चिंधी बांधली होती. दोन गाठी मारून.

गुरुवार, ता. १४

आज काही लिहीत नाही. लिहिण्याजोगं मी काही केलेलं नाही.

शुक्रवार, ता. १५

नर्सरीवरून मुद्दाम गेले. हिरव्या जाळीखाली ट्रे रांगेने मांडलेले, रोपं वीतभर, ताठ. पण पुढच्या दोन रांगांची माथी झुकलेली. त्याने पाणी सोडायचं थांबवलंय.

त्याची बायको झारी घेऊन पुढे जात होती. त्याने तिच्या हातातून झारी काढून खाली ठेवली. 'कशाला? कोण नेणार आहे?' तिने ती पुन्हा उचलली. त्याने पुन्हा ठेवली. भांडण नव्हतं.  पाच-सहा वेळा झालं तसं. मी झाडाआडून पाहत होते, चोरासारखी. 'सारखी' हा शब्द खोडायला हवा.

संध्याकाळी धाकटी दिसली, कुंपणापलीकडे. पिळलेली झाडं उपटत होती. मी हाक मारली. तिने ऐकली, हे मला नक्की माहीत आहे. वर पाहिलं नाही.

शनिवार, ता. १६

ठरवलंय. उद्या मागच्या बाकावर बसायचं. पाळकसाहेब भाकर मोडण्याआधी विचारतात, 'कुणाला काही सांगायचं आहे का?' त्या प्रश्नाला माझ्या आठवणीत कुणी उत्तर दिलेलं नाही. तो विचारायचा म्हणून विचारला जातो, आणि खोकले काढून लोक पुढे सरकतात. उद्या मी उठेन.

काय बोलायचं ते कागदावर काढलं. पहिल्या मसुद्यात 'अनवधानाने' होतं. तो शब्द फार सुंदर, आणि त्यामागे लपायला जागा भरपूर. काढून टाकला. उरलं ते इतकं: पंप मी दिला. चिंधी मी सोडली. आठवडाभर मला माहीत होतं.

यांना सांगितलं.  हे म्हणाले, 'तिकडचा बाक डुगडुगतो. भिंतीच्या बाजूला बस.'

रविवार, ता. १७

पहिली घंटा व्हायच्या आत पोचले, कुणी यायच्या आधी जागा धरावी म्हणून. मागच्या बाकावर, भिंतीच्या बाजूला, धाकटी बसली होती.

मी उभीच. ती म्हणाली, 'पंप पाठीवर घेतला तेव्हाच तणनाशकाचा वास आला होता, ताई.'

'मग बोलली का नाहीस?'

'दोन वर्षांनी तुम्ही काहीतरी दिलंत. स्वतः पाठीवर चढवलंत. परत येऊन काय सांगू, की तुमच्या वस्तूला वास येतो? म्हटलं थोडा असेल, धुतला की जाईल. धुतला. नाही गेला, तरी मारलं औषध.' मग, 'घरी यांना तुमचं नाव कसं सांगणार होते? भाऊ पुन्हा तुटले असते. रोपवाल्याचं नाव तोंडात आलं. मग ते परत घेता येईना.'

मी शेजारी बसले. बाक डुगडुगला. पुढे पहिल्या रांगेत रोपवाला येऊन बसला, एकटाच.

पाळकसाहेबांनी विचारलं, 'कुणाला काही सांगायचं आहे का?' धाकटी उठू लागली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि स्वतः उठले. थोरली मी आहे.