कोमट बाटली

प्रिय मेइचू,

चार वर्षांनी लिहितो आहे, तेव्हा कुशलप्रश्नांत तुझा वेळ घेत नाही. गावच्या सार्वजनिक विहिरीला मंगळवारी टाळं लागलं. देवळासमोर टँकर उभा राहतो आणि तुझ्या शेजारच्या लियाओ काकू रांगेत सर्वांत पुढे घुसून मागच्यांना शिस्त शिकवतात. पाण्यात तेच निघालं, जे तू म्हणाली होतीस: कारखान्यात सुट्या भागांवरचं ग्रीस धुवायचं ते रसायन. मर्यादेच्या ऐंशीपट.

हे कसं कळलं ते ऐक. हसायचं असेल तर आताच हसून घे, पुढे सोय नाही.

नऊ वर्षं दर तीन महिन्यांनी मी सरकारी तपासणीसाठी विहिरीच्या पाण्याचा नमुना न्यायला येत होतो. नियम असा, की बाटली थेट विहिरीच्या पंपाच्या नळाखाली धरून काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडाही नको. कारण हे रसायन सासुरवाडीला कंटाळलेल्या जावयासारखं, दार किलकिलं दिसलं की निसटतं. विहारातल्या शाळेत सात वर्षं संस्कृत सूत्रं घोकलेल्या मला नियम मुखोद्गत होता. मुखोद्गत गोष्टी करायच्याही असतात, हे मात्र तिथं कुणी शिकवलं नव्हतं. उन्हात नळाशी उभं राहण्याऐवजी मी पाणी-समितीच्या कचेरीत पंख्याखाली कोहळ्याचा गार चहा पीत बसायचो, आणि कचेरी सांभाळणाऱ्या लियाओ काकू आतून बाटल्या भरून आणायच्या. काठोकाठ. मी कौतुकही करायचो.

गेल्या महिन्यात मी लवकर पोहोचलो. बाटली हातात घेतली, तर कोमट. विचारलं, तेव्हा काकू ओशाळल्या, पण भलत्याच कारणानं.

“आज लवकर आलास ना, निवायला वेळच मिळाला नाही. एरवी मी सकाळीच उकळून ठेवते.”

मी म्हटलं, नऊ वर्षं?

“मग? सरकारी माणसाच्या हातात कच्चं पाणी देऊ? गावाला काही अब्रू आहे की नाही?”

उकळलं की ते रसायन वाफेबरोबर उडून जातं, मेइचू. नऊ वर्षं मी काकूंची किटली तपासत होतो. किटली निर्दोष आहे, हे मी शपथेवर सांगू शकतो.

त्याच पावली नळाशी जाऊन नवा नमुना भरला. आठवड्यात उत्तर आलं. काकू तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी स्वतः घरोघर जाऊन, बंद न्हाणीत गरम पाण्यानं अंघोळ करू नका, म्हणून बजावून आल्या. माझे छत्तीस अहवाल रद्द समजावेत, असं मी वरिष्ठांना लिहून दिलं. त्यांनी मला भांडारात रिकाम्या बाटल्यांवर नेमलं आहे. रिकाम्या असल्यानं धोका कमी. पण शहराच्या जलवाहिनीचं खोदकाम चौकापर्यंत आलं आहे आणि सर्वांची रक्ततपासणी सुरू झाली आहे.

चार वर्षांपूर्वी मंडपात भरलेल्या त्या गावसभेत तू उठून म्हणालीस, अंघोळीच्या वाफेला कारखान्याचा वास येतो, सहा वर्षं त्या वासात हात बुडवलेत मी. मग मी उठून अहवाल वाचला. ‘निर्दोष’ हा शब्द जरा जास्तच सुस्पष्ट उच्चारला. लोक हसले. कुणीतरी तुला नाक तपासून घ्यायला सांगितलं. तू हसणाऱ्यांकडे नाही, माझ्याकडे पाहिलंस, आणि महिन्याभरात घर बंद करून बहिणीकडे काओशुंगला गेलीस. सभेनंतर तुला लग्नाचं विचारायचं म्हणून मी नवा शर्ट घालून आलो होतो, हे आता सांगायला हरकत नसावी.

पण पत्राचं कारण तो शर्ट नव्हे. जमीन शुद्ध करायची तर रसायन कुठं ओतलं जायचं ते कळायला हवं. कारखाना पाडून बारा वर्षं झाली, मालक परागंदा, नकाशात काही नाही. सगळं शिवार चाळत बसलो तर दहा वर्षं जातील, असं इंजिनिअर म्हणतात. पिंपं रिकामी करायला ज्या मुलींना मागे पाठवायचे, त्यांच्यातली आता एकटी तू सापडतेस. येत्या शुक्रवारी पुन्हा सभा आहे, त्याच मंडपात. मी आधी उठेन आणि माझा अहवाल चूक होता, तू बरोबर होतीस, हे तितक्याच सुस्पष्ट उच्चारात वाचेन. त्यानंतर कुणीतरी शेतात पुढे चालून जागा दाखवायला हवी. ये. मला क्षमा करण्याशी त्याचा संबंध लावू नकोस, ते वेगळं ठेव. मी खुंट्या घेऊन मागून येईन, आणि तू म्हणशील तिथंच ठोकेन.

अजूनही तुझाच,
बाओयुआन