'ओलेती वाडी'तल्या सतरा चुका

३ फेब्रुवारी, सोमवार
'ओलेती वाडी' वाचायला घेतली. तेरावी आवृत्ती. मुलगी स्टेफी, माझा डेंटिस्ट, वाचनालयाचे लेस्टर सर, सगळे महिनाभर मागे लागलेत. सर म्हणाले, मार्सेल, वाडी म्हणजे काय ते या बाईने पहिल्यांदा लिहिलंय. मग मी चाळीस वर्षं काय केलं? सायकलवर फुलं विकून नर्सरी उभी केली ती काय कंपोस्ट खात?
रोज चाळीस पानं. आठवड्यात खलास.

५ फेब्रुवारी
पान २२. शिसारी आली. नायिकेचा बाप खोडाला कान लावून केळ कधी निसवणार, घड कधी बाहेर पडणार ते सांगतो. तारखेसकट! माझे कान तिखट आहेत, मान्य. रस्त्यावरून मोटार ऐकून बेअरिंग गेलंय हे सांगतो. पण केळ? बाईंना कोणीतरी थापाड्या भेटलेला दिसतो.

७ फेब्रुवारी
पान ४१. हद्द झाली. म्हणे लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीने बावखलात गुडघाभर पाण्यात उभं राहायचं. मासे पायाला लागले तर संसार सुखाचा! अहो, बावखल म्हणजे वाडीला पाणी देणारं तळं. पायाला मासे नाही, शेवाळ लागतं.
मटिल्डाला वाचून दाखवलं. म्हणाली, हे कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय. बायकोला सगळंच ऐकल्यासारखं वाटतं.

१० फेब्रुवारी
वाचन बंद, यादी चालू. रविवारी लेखिका हेमांगीबाई वाचनालयात येतायत. सर हळूच म्हणाले, नवा अध्यक्षही त्याच दिवशी जाहीर करू, तुझंच नाव आहे, फक्त पुस्तकाबद्दल दोन शब्द चांगले बोल.
चांगले नाही, खरे बोलणार. अध्यक्ष असाच पाहिजे. चुका आतापर्यंत सतरा.

१२ फेब्रुवारी
स्टेफीने विचारलं, पप्पा, पूर्ण तरी वाचलंत का? म्हटलं, नासक्या नारळाचा वास आला की तो खाली ठेवतात. मटिल्डाचं म्हणणं, उठून बोलू नका. हिला अध्यक्षपदाची किंमत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी २
चर्चमधल्या मिस्सानंतर वाचनालयाचा हॉल फुल्ल. उठलो. तीन चुका वाचल्या. आवाज मस्त लागला होता. मग म्हटलं, ही घाण माहिती देणारा माणूस आपल्या गावचा असेल तर त्याने समोर यावं.
बाई स्टेजवरून उतरल्या आणि मला वाकून नमस्कार केला. माईकवर सांगितलं, हेच ते मार्सेल अंकल. चार वर्षांपूर्वी मी सोनचाफ्याचं रोप घ्यायला आले, यांनी दोन दुपारी ओट्यावर बसवून सगळं सांगितलं, आंटींनी घरी वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी दिली.
टाळ्या. शेजारचा मर्विन मागून ओरडला, आता उरलेल्या चौदा पण वाच की रे!
मटिल्डा मान खाली घालून बसली होती. वाटलं रडतेय. खांदे हसण्याने हलत होते.

१७ फेब्रुवारी
विसरलो होतो असं नाही. पाहुणी उन्हातून आलेली, जरा रंगवून सांगितलं. लिहून काढेल हे मला काय माहीत? चूक तिचीच. ऐकलेलं दोन ठिकाणी विचारून बघायचं असतं.
लेस्टर सरांचा फोन. अध्यक्षपद सध्या तेच बघणार. सध्या म्हणजे कधीपर्यंत, विचारलं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार
एव्हरशाईन सिटीच्या फ्लॅटांतून दोन बायका आल्या. हातात तेच पुस्तक. बावखल बघायचंय म्हणे.
ठरवलं, यापुढे फक्त खरं. स्पष्ट सांगितलं, नवरी-बिवरी कोणी उभी राहत नाही, हे मीच रचलेलं. चष्मेवालीने कीव आल्यासारखं बघितलं. म्हणाली, अंकल, तुम्ही कादंबरी नीट वाचलेली दिसत नाही. पान काढून दाखवलं. मग साड्या वर खोचून दोघी पाण्यात उतरल्या. मी काठावर, त्यांच्या पर्सा धरून.
दुसरीने विचारलं, मासे कधी येतात?
म्हटलं, हलू नका, पाच मिनिटांत येतील.